राखीव प्रत

“श्रावण आलता काल,” आई म्हणाली. कैलासच्या हातातला पेजेचा चमचा तिच्या ओठांपाशीच थांबला. “डोक्याले दुपट्टा बांधून होता. मी म्हटलं, बस ना बापा. बसला नाई. बोललाही नाई. नुसता हासून राह्यला होता.” एवढं बोलून तिने तोंड उघडलं, पेज गिळली आणि डोळे मिटले. दवाखान्यातला हा तिचा चौथा दिवस. न्यूमोनियाच्या तापात म्हाताऱ्या माणसांना कुणीकुणी दिसतं, घाबरायचं नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, म्हणून कैलासही घाबरला नाही. “इथं एकच स्टूल आहे माय, बसवलं असतं कुठं त्याले,” असं काहीतरी तो बोलला आणि ते बोलणं त्याच्याच कानांना खोटं लागलं. श्रावण कुमरेला जाऊन या मे महिन्यात दोन वर्षं होत होती. आईला, मनकर्णाबाईंना, ते चांगलं ठाऊक होतं. बातमी आली त्या दिवशी नालवाडीच्या घरातली मागची खोली त्यांनीच बंद केली होती आणि आत श्रावणचा अर्धा प्यालेला चहाचा कप होता तो महिनाभर तसाच राहू दिला होता. कैलासने वाटी धुतली, खिडकीत उपडी घातली. तो आईकडे आला, माझ्याकडे नाही, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. त्यात सुटकेचा भाग किती आणि मत्सराचा किती हे त्याला नीट उलगडेना.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला लाइट गेली. बाहेर ऊन एवढं होतं की खिडकीच्या काचेला लावलेला निळा कागदही पांढरा दिसत होता. पंखा हळूहळू थांबला, कूलरची घरघर बंद झाली आणि त्या शांततेत वॉर्डातल्या सगळ्यांचं खोकणं एकदम स्पष्ट ऐकू आलं. मागच्या अंगणात जनरेटर खाकरला. दिवे आले, पंखा फिरू लागला, पण आईच्या डोक्यावरचा मॉनिटर काळाच राहिला. चार दिवस कैलास त्या मॉनिटरकडे पाठ करून बसला होता. करडी पेटी, त्यावर कुठल्याशा दूरच्या कंपनीचं नाव. आतला बोर्ड कुणाचा आणि तो बोर्ड जागा करणारा प्रोग्रॅम कुणी लिहिलेला, हे पेटीवर कधीच लिहिलेलं नसतं. बीप थांबली होती. त्याने आईचं मनगट हातात घेतलं. कातडी गरम आणि कोरडी, तिच्याखाली नाडी बारीक, पण चालू. तो सेकंद मोजू लागला. पडदा एकदा क्षणभर उजळला आणि विझला. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा उजळून विझला तेव्हा कैलासला कळलं. भीतीच्या आधी त्याला त्याच्या धंद्याचं ज्ञान पोचलं, आणि ज्ञानाच्या पाठोपाठ पडद्यावर श्रावण आला. डोक्याला पांढरा दुपट्टा, घामाने कपाळाला चिकटलेले केस, अर्धवट मिटलेले डोळे, हसू. रंग ओबडधोबड, गालाला हिरवट छटा. अकरा सेकंद तो तसाच हसत राहिला. मग गेला, आणि त्याच्या जागी आईच्या हृदयाची हिरवी रेघ धावू लागली. चौऱ्याहत्तर सेकंद झाले होते.

“पाह्य, म्हटलं नव्हतं?” आई म्हणाली.

पलीकडच्या खाटेपाशी सलाईन बदलणाऱ्या सोनम सिस्टरने मान वळवून पाहिलं. तिने पडद्याकडे पाहिलं, कैलासच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती हसली. “भेले का दादा? भाऊजी आहेत ते आमचे. लाइट गेली का कधी कधी मशीन अडकते. मंग भाऊजी येतात अन् चालू करून देतात. सहाच्या सहा मशीनमध्ये आहेत. नवीन पोरी भेतात पहिल्यांदा.” “कोण भाऊजी?” कैलासने विचारलं. त्याचा आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा वाटला. “काय माहीत कोण. चांगले दिसते माणूस, म्हणून आमीच नाव ठेवलं. मे महिन्यात जास्त येतात. कंपनीवाल्या पोराले विचारलं होतं, तं तो म्हणे चालू होते ना, मंग कायले टेन्शन घेता.”

तो स्टुलावर बसला. मनगट अजून त्याच्या हातातच होतं. मे महिन्यात जास्त येतात. हेच त्याने दोन वर्षांपूर्वी, याच महिन्यात, वेगळ्या शब्दांत ऐकलं होतं, आणि ते सांगणारा आत्ताच या पडद्यावरून गेला होता. नालवाडीच्या घरामागे टिनाचं छप्पर होतं, त्यावर आई पापड वाळवायची. ते दोघं ज्या पुण्याच्या कंपनीसाठी मशीनचे प्रोग्रॅम लिहीत, तिने लॉकडाऊनपासून घरून काम दिलं होतं. दोघंही वर्धा जिल्ह्यातले, म्हणून कैलासच्या मागच्या खोलीत दोन टेबलं जोडून त्यांनी आपली प्रयोगशाळा मांडली होती. श्रावण कारंजाकडच्या गावाहून सोमवारी यायचा आणि शनिवारी जायचा. एका दुपारी तो सर्किट बोर्ड, वायरी आणि लांब केबल घेऊन शिडीने टिनावर चढला आणि पापडांच्या शेजारी बोर्ड ठेवून खाली आला. “अबे, भाजून काढतो का त्याले?” कैलास म्हणाला. “हाव,” श्रावण म्हणाला, “दोनशे वेळा बंद-चालू करतो. पाहू किती वेळा अडकते.” आई अंगणातून ओरडली होती, “काय ठेवलं रे माह्या पापडाजवळ?” त्यावर श्रावण म्हणाला होता, “मशीनचा पापड आहे माय, तुमच्याले धक्का नाई लावत.” संध्याकाळपर्यंत त्याने वहीत आकडा लिहिला. दोनशेपैकी नऊ.

एखाद्या यंत्राला वीज मिळते तेव्हा त्या पहिल्या क्षणी त्याला काहीच आठवत नसतं. स्मृती जागेवर असते, पण तिच्याशी बोलता येत नाही. कुठला संकेत किती उशिराने वाचायचा याची आधी जुळवणी करावी लागते, आणि ही जुळवणी उष्णतेने बदलते. त्या बोर्डावर पूर्ण जुळवणीला तीसेक सेकंद लागत. दुसरा रस्ता असा, की कारखान्यात एकदा जमलेले आकडे कोरून ठेवायचे आणि दर वेळी तेच वापरायचे, म्हणजे सहा सेकंदांत काम होतं. गिऱ्हाईकाला पडदा दहा सेकंदांत हवा होता. पर्याय निवडण्यासाठी निळ्या पडद्यावर एक लांब यादी असते, शेकडो ओळींची, प्रत्येक ओळीपुढे चौकोनी कंस. स्पेसबार दाबला की कंसात तारा उमटतो आणि तो पर्याय चालू होतो. पुन्हा दाबला की तारा जातो. एवढंच. त्या शेकडो ओळींपैकी एका ओळीवरून, कोरलेले आकडे वापरायचे की नाही या ओळीवरून, त्यांचं भांडण चाललं होतं. “पुण्याच्या एसीतले आकडे आपल्या मे महिन्यात कसे चालन बे?” श्रावण म्हणायचा. “दवाखान्यात एसी असते,” कैलास म्हणायचा. “लाइट गेल्यावर?” यावर कैलास म्हणायचा की राखीव प्रत आहेच की. ते खरंही होतं. चिपमध्ये प्रोग्रॅमच्या दोन प्रती बसत: एक नेहमीची, एक राखीव. नेहमीची तीनदा अडकली की यंत्र आपोआप राखीव प्रतीकडे वळतं. नेहमीची प्रत कैलासकडे होती, राखीव श्रावणकडे. श्रावणने राखीव प्रतीत पूर्ण जुळवणी ठेवली, कितीही वेळ लागो, आणि तिला कुलूप लावून टाकलं, म्हणजे पुढच्या कुठल्याही सुधारणेत कुणाचा हात तिला लागू नये.

आणि तो फोटो. तो कैलासनेच काढलेला. पडदा सुरू होताना दिसणारं पहिलं चित्र बसवायचं होतं, कंपनीचं चिन्ह अजून आलं नव्हतं, आणि श्रावण टिनावरून उतरून, दुपट्टा डोक्याला तसाच ठेवून दारात उभा राहिला होता. कैलासने फोन समोर धरला आणि म्हणाला, “हास बे, तुले अमर करतो.” मग दोघांनी मिळून तो फोटो आक्रसून लहान केला, रंग कमी केले, कारण इतक्या लवकर पडद्याला जास्त रंग झेपत नाहीत, आणि बोर्ड चालू केला. गाल हिरवा आलेला पाहून श्रावण एवढा हसला की आई चहा घेऊन आली ती दारातच थांबली. पुढे चिन्ह आलं, कैलासने आपल्या प्रतीत ते बसवलं. श्रावण म्हणाला, माझ्या प्रतीत मी बसवतो. मग त्याचे सांधे दुखायला लागले.

सिकलसेल हा रक्ताचा आजार त्याला लहानपणापासून होता. वर्षातून एक-दोनदा दुखणं उठायचं, तो गावी जायचा, आठवड्याने परत यायचा, थोडा वाळलेला आणि जास्त चेष्टेखोर होऊन. त्या मे महिन्यात दुखणं उठलं ते बसेना, म्हणून त्याची बायको धुरपता त्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन आली. नालवाडीहून सेवाग्राम सहा-सात किलोमीटर. ज्या गुरुवारी त्याने तिथून फोन केला ती वेळ कैलासला अजून आठवते, सव्वाबारा, कारण त्या दिवशी सकाळी अकराला कैलासने अंतिम प्रत पाठवून दिली होती आणि पुण्याहून शाबासकीचे निरोप येत होते. श्रावणचा आवाज लांबून आल्यासारखा होता. “हाडं फोडून राह्यले बे कोणीतरी आतून,” तो म्हणाला, आणि मग, श्वास घेऊन, “तो तारा काढला ना?” कैलास म्हणाला, “काढला.” “पक्का?” “हाव ना बे, काढला. तू आराम कर. मी येतो रविवारी.” श्रावण म्हणाला, “येजो. पापड आणजो मायचे.” शनिवारी तो गेला.

त्यानंतरच्या दोन वर्षांत कैलासने ‘काढला’ या त्या एका खोट्या शब्दाभोवती कितीतरी भिंती बांधल्या. आजारी माणसाला त्रास द्यायचा नसतो. शेवटी राखीव प्रत होतीच. तक्रार कुठूनही आली नव्हती. टेबल त्याने पुढच्या खोलीत आणलं, मागच्या खोलीत जुनी पिंपं ठेवली. तरी काम करताना कधी मधेच, निळी यादी उघडून तो खाली खाली जात असताना, त्या ओळीपाशी आला की बोट थांबायचं, आणि मागच्या खोलीतून “पक्का?” असं कुणी विचारल्यासारखं वाटायचं. तो उठून पाणी प्यायचा. पापड मात्र त्याने त्या दिवसापासून खाल्ले नाहीत; आईने एकदा विचारलं, काऊन रे, तर म्हणाला, पित्त होते.

संध्याकाळी आईला झोप लागल्यावर तो सोनमच्या टेबलापाशी गेला. ती तक्त्यांत तापाचे आकडे भरत होती. मशीन अडकतं तेव्हा दर वेळी एवढाच वेळ लागतो का, असं त्याने विचारलं. “एवढाच. मिनिट, सव्वा मिनिट.” “तेवढ्या वेळात कोणाचं काही...” सोनमचं पेन थांबलं. तिने खिडकीकडच्या खाटेकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, “चार नंबरले एक बाबा होते. मागच्या आठवड्यात. हिंगणघाटचे, जिनिंगमध्ये कामाले होते म्हणे आधी. लाइट गेली. मी सात नंबरपाशी होती, त्या बाईले उलटी होऊन राह्यली होती. भाऊजी आले, मशीन चालू झालं, अन् मी वळून पाह्यलं तं लाइन सरळ. अलार्म वाजला तवा पळालो सगळे. डॉक्टर म्हणे ते तसेही जाणारच होते. लय बिमार होते.” तिने पेनचं टोपण लावलं आणि काढलं. “पण मले वाटते कधी कधी. एक मिनिट आधी अलार्म वाजला असता तं. तुमी काऊन विचारून राह्यले?” कैलास म्हणाला, “ते मशीन मी बनवलं आहे. आतलं. ते अडकते ते माह्यामुळं.” सोनमने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण ती नजर त्याला पुढे अनेक दिवस स्वच्छ आठवत राहिली. ती तक्ता घेऊन निघून गेली. दहा मिनिटांनी परत आली आणि झोपलेल्या आईच्या बोटाला तिने एक लहानसा चिमटा लावला, ज्यावर लाल आकडे दिसत होते. “हे सेलवर चालते,” ती म्हणाली, त्याच्याकडे न पाहता, आणि पुढच्या खाटेकडे गेली.

चार नंबरची खाट खिडकीजवळ होती. त्या संध्याकाळी तिच्यावर एक तरुण माणूस पाय प्लास्टरमध्ये घालून फोनवर हसत बोलत होता. कैलास त्या खाटेकडे पाहत बसला. त्या बाबांचं नाव त्याने विचारलं नाही. नंतर विचारलं तेव्हा दवाखान्याने सांगितलं नाही. त्या बाबांना त्या मिनिटाभरात दुखलं असेल का, त्यांनी हाक मारली असेल का, कुणीच नसताना त्या पडद्यावर आलेला दुपट्टेवाला माणूस त्यांना दिसला असेल का, आणि दिसला असेल तर तो त्यांना कोण वाटला असेल. की डॉक्टर म्हणाले तेच खरं, आणि या सगळ्याचा त्या सरळ झालेल्या रेघेशी काही संबंध नाही. तो जितका खोलात जाई तितकं त्याला कळे की हे कधीच कळणार नाही. दोनशेपैकी नऊ. नवातला एक. त्याच्या पुढे वहीत काही लिहिलेलं नव्हतं.

सकाळी त्याने पुण्याला फोन लावला. कंपनीत त्याच्या वर मुकेश होता, वयाने लहान, बोलायला सावध. कैलासने सगळं सांगितलं: तारा, टिनावरचा प्रयोग, मे महिना, सव्वा मिनिट. चार नंबरची खाटही सांगितली. मुकेशने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, “किती मशिन्स आहेत?” “दोनशे चाळीस.” “ठीक आहे. अपडेट तयार कर. पाठवताना ‘दोष’ असा शब्द नको. सुधारणा म्हण. आणि कैलास, तो फोटो. तो आधी काढ. एखाद्या पेशंटने मोबाईलवर शूट करून टाकला तर आपण संपलो.” कैलास गच्चीच्या जिन्यात उभा होता. खालून रॉकेलचा की डिझेलचा वास येत होता. त्याला वाटलं की मुकेशने सव्वा मिनिटाबद्दल काहीतरी विचारावं, काहीही. “फोटोनं कुणाचं काही झालं नाही,” तो म्हणाला. “फोटोवाल्या प्रतीमुळेच मशीन चालू होतं.” “माझं ऐक,” मुकेश म्हणाला, “जास्त लिहू नको.”

त्याने लिहिलं. अकराच्या आत, जिन्यात बसून, प्रत्येक दवाखान्याच्या पत्त्यावर. मॉनिटर उष्णतेत अडकू शकतो, तोवर रुग्ण नजरेआड राहतो, सुधारणा होईपर्यंत लाइट गेल्यावर माणूस खाटेपाशी उभा ठेवा. हा पर्याय मी निवडला होता, सहकाऱ्याने नको म्हटलं असताना. खाली स्वतःचं नाव. पाठवल्यावर त्याला हलकं वाटेल अशी त्याची कल्पना होती. तसं काही झालं नाही. दुपारनंतर फोन वाजत राहिले. आठवड्याच्या शेवटी कंपनीने कळवलं की विदर्भातल्या मशिन्स दुरुस्त करून झाल्या की त्याने पुढे कामावर येऊ नये. पत्रं गेलेली असल्यामुळे दुरुस्ती आता कुणालाच टाळता येत नव्हती.

आई नवव्या दिवशी घरी आली. अशक्त होती, पण स्वतः उठून चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, जाऊन बसायची. त्याच्या पुढच्या रविवारी कैलास कारंजाच्या बसने श्रावणच्या गावी गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा. धुरपता तिथल्या अंगणवाडीत सेविका होती. रविवार असूनही ती अंगणवाडीच्या ओट्यावर बसून रजिस्टरं भरत होती. त्याला पाहून ती उठली, आत गेली, पाण्याचा गडवा घेऊन आली. “या भाऊजी. माय कशा आहेत?” तिच्या तोंडचं भाऊजी ऐकून त्याला एकदम सोनम आठवली आणि मग कुठून सुरू करायचं ते त्याला सुचलं. दवाखान्यातल्या नर्स श्रावणच्या फोटोला काय म्हणतात ते त्याने आधी सांगितलं. धुरपता पदर तोंडाला लावून हसली, हसता हसता तिचे डोळे भरले, आणि तिने ते पुसले नाहीत. मग त्याने बाकीचं सांगितलं. “तो सेवाग्रामले होता तवा त्यानं मले एक गोष्ट विचारली होती, वहिनी. मी म्हटलं, केली. केली नव्हती. खोटं बोललो मी त्याच्याशी.”

कडुनिंबाच्या सावलीत एक कोंबडी माती उकरत होती. धुरपता तिच्याकडे पाहत राहिली. “ते मशीनचं मले समजत नाई,” ती शेवटी म्हणाली. “तुमी आले नाई तवा. मले तं तेच मोठं वाटलं होतं. रोज विचारे, कैलास आला का. मी म्हणो, काम असन. गुरुवारी तुमचा रविवारचा वायदा झाला तं त्यानं शनिवारीच दाढी करून घेतली माह्याकडून.” कैलासने खाली पाहिलं. इतके दिवस तो भलत्याच दारापाशी उभा राहून माफी मागत होता असं त्याला वाटलं. हे दार तर त्याने कधी पाहिलंही नव्हतं. मग त्याने विचारलं, कारण हा प्रश्न त्याला रात्रंदिवस खात होता, “वहिनी, तो फोटो त्यानं मुद्दाम ठेवला असन का? म्हणजे, माहं काही चुकलं तं त्याचं तोंड दिसावं म्हणून?” धुरपताने त्याच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. “मुद्दाम? अहो, तो माणूस! लग्नाच्या पत्रिकेत माह्या बापाचं नाव चुकवलं होतं त्यानं. राहून गेलं असन.” मग जरा थांबून, “मले दाखवसान का?”

ती दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने वर्ध्याला आली. दवाखान्याने वरच्या मजल्यावरची एक रिकामी खोली दिली होती, तिथे दुरुस्तीसाठी पहिला मॉनिटर आणून ठेवला होता. कैलासने पेटी उघडली, एक लहान जोडणी केली, म्हणजे मशीन तीनदा अडकायच्या ऐवजी थेट राखीव प्रतीवरच जाईल. नेहमीची प्रत त्याने आधीच बदलली होती. तारा काढला होता. राखीव प्रतीला हात लावायची खरं तर गरज नव्हती; ती पहिल्यापासून बरोबरच होती. कंपनीचा हुकूम होता फोटो पुसायचा, पण कंपनीचा हुकूम आता त्याच्यावर फारसा चालत नव्हता, आणि हे त्याने धुरपताला जिना चढताना सांगितलं. “ठेवायचा का पुसायचा, तुमी सांगा.”

त्याने बटण दाबलं. पडदा आधी काळाच राहिला, मग श्रावण आला. धुरपता खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती पुढे वाकली. अकरा सेकंद संपले, आकडे आले, कुणाचीच नाडी नसल्यामुळे सगळे शून्य. “आणखी,” ती म्हणाली. त्याने पुन्हा बंद-चालू केलं. तिसऱ्या वेळी ती त्या चेहऱ्याशी गोंडीत काहीतरी बोलली, दोन-तीनच वाक्यं, रोजच्या आवाजात, सकाळी कामाला जाणाऱ्या माणसाला सांगावं तसं. श्रावण आपल्या आईशी फोनवर त्या भाषेत बोलायचा तेव्हा कैलास शेजारी बसून काम करत असे. एकत्र कामाच्या सहा वर्षांत त्याने एक शब्द शिकून घेतला नव्हता. आता विचारायची त्याची हिंमत झाली नाही. तो खिडकीपाशी गेला आणि खालच्या रस्त्यावर बर्फाची गाडी ढकलणाऱ्या माणसाकडे पाहत उभा राहिला.

“हे असं लोकं बिमार असले, अन् मशीन बिघडलं, का मंग याले उठा लागते?” तिने मागून विचारलं.

“हाव.”

“दोनशे चाळीस ठिकाणी?”

“हाव.”

“पुसा,” धुरपता म्हणाली. “लय थकला होता तो. त्या शनिवारी मले म्हणे, मले झोपू दे, अन् मी म्हटलं, थांब, डॉक्टर येऊन राह्यले, जागा राह्य. जागाच ठेवलं मी त्याले.” तिने हाताने साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. “पुसा तुमी.”

त्याने चिपला लॅपटॉपच्या वायरीचा चिमटा लावला, कुलूप काढलं. पूर्ण जुळवणी तशीच ठेवली, त्यातला एकही आकडा बदलला नाही. फक्त चित्राची जागा रिकामी केली. प्रत चिपवर परत लिहायला चार मिनिटं लागली. धुरपता तोवर हलली नाही. मग त्याने मशीन चालू केलं. पडदा काळा राहिला, पूर्ण छत्तीस सेकंद, आणि त्या सगळ्या वेळात दोघंही त्या काळोखाकडे पाहत होते. आकडे आले. त्याने पेटीचे स्क्रू लावायला घेतले. एक स्क्रू हातातून निसटून टेबलाखाली गेला, तो धुरपताने वाकून उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. मग तिने पिशवी खांद्याला लावली. बस साडेचारची होती, त्याला वाटलं ती निघेल.

“आता कोन्तं?” ती म्हणाली. “पाच आहेत ना अजून इथं?”

“तुमी थांबाल?”

“पुसायच्या आधी दर वेळी एकदा पाहीन मी,” ती म्हणाली, आणि दाराकडे चालू लागली. कैलासने स्क्रू घट्ट केला, पेटी उचलली आणि तिच्यामागून वॉर्डाकडे उतरला.